दोन गणपत, एक आंगठा

धामणगाव बढे, शनिवार, दिवेलागण

सुटलो एकदाचा! उद्या वाचनालयात गणपतरावांच्या फोटोचं अनावरण. आणि काल जंगल सत्याग्रहाच्या कागदांत गणपत दोन निघाले. चुलतभाऊ, दोघांना एकाच आजोबाचं नाव. एक जेलात गेला, दुसऱ्यानं त्याच्याच विरुद्ध साक्ष दिली. फोटोमागं नुसतं ‘गणपत’. मग हा कोणता? छापून, काच बसवून मोकळा झालो होतो मी. आधी विचारलं काऊन नाही?

शेवटी आज जेलात गेलेल्याच्या सुनेकडे गेलो. सखूकाकू, नव्वदीच्या, डोळे पार गेलेले. म्हणाल्या, "मले दिसत नाही, मास्तर. डावा हात पाह्य. मामंजीले आंगठा नव्हता, कडबा कापताना गेल्ता."

पाहिला. फोटोत काठीवरच्या डाव्या हाताला आंगठा नाहीच! आणि त्या साक्षीखाली डाव्या आंगठ्याचाच ठसा आहे, म्हणजे फोटोतला हा साक्षवाला नव्हेच. महिनाभर मी नुसता चेहरा पाहत बसलो.

उद्या पडदा काकूच सारतील. "पण सासऱ्याचं नाव माह्या तोंडून निघायचं नाही, ते तूच घे."

घेईन, काकू. आता छातीठोक घेईन.