सोळा आण्यांचा माणूस

अकोला, दि. ४ नोव्हेंबर १९७३

चि. भागिरथास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

इथे वसतिगृहात मी खुशाल आहे. वरण पातळ असतं, एवढीच तक्रार. तुझं रडगाणं वाचलं. मेडशीचे गुलाबराव आपल्या मुलासाठी, गोविंदासाठी, तुला पाहायला येणार आणि जानेवारीतच लग्न उरकायचं म्हणतात. म्हणजे तुझी मार्चची मॅट्रिक बुडाली. पण घाबरू नकोस, बाबांना मी लिहितो. ते काम माझ्याकडे लागलं.

तोवर तुझं मन रमावं म्हणून एक खेळ काढला आहे. पाठकोऱ्या कागदावर मी एक मुलूख काढला. त्यात डोंगर, नदी, जंगल, बाजार, सगळं आहे. आपण दोघांनी तिथे एकेक माणूस सोडायचा. वाट ठरलेली नाही, वाटेल तिकडे जावं. प्रत्येकाजवळ सोळा आणे. ते जोर, धीर, पोहणं, हातचं कसब आणि बोलणं यांत वाटायचे. ज्यात जितके आणे, त्यात तितका तो पक्का. संकट आलं की मी चिंचोके टाकून निकाल लावीन. माझ्या माणसाला आठ आणे जोर आणि आठ आणे धीर दिला आहे. तू जरा डोकं लावून वाट, नाहीतर सगळे भाकरी थापण्यात घालवशील.

माय-बाबांना जयभीम. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा दादा,
देवमन


आसेगाव, दि. १२ नोव्हेंबर १९७३

ती. देवमनदादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पावलं. मी मुलखात बाई सोडते आहे, तिचं नाव केशर. तुझ्या यादीतलं तिला काहीच नको. सोळाच्या सोळा आणे मी विचारण्याला दिले. वाट, पाणी, भाव, जे लागेल ते ती विचारील. ही गोष्ट तुझ्या यादीतच नाही, यावरून कॉलेजात काय शिकवतात ते कळलं.

तूर फुलावर आली आहे. माय कापूस वेचायला जाते. बाबांना तुझं पत्र अजून आलेलं नाही, पोस्टमनला मी रोज विचारते. मेडशीची माणसं २५ तारखेला, रविवारी येणार आहेत. दादा, मला मॅट्रिक व्हायचं आहे. हे मी थट्टेनं लिहीत नाही.

मायेत खंड पडू देऊ नकोस, आणि पत्रातही.

तुझी बहीण,
भागिरथा


अकोला, दि. १९ नोव्हेंबर १९७३

चि. भागिरथास,
अ. उ. आ.

तू नियम मोडलास, पण तुझ्याशी वाद कोण घालणार? केशर जंगलात चुकली, तिनं मेंढपाळाला वाट विचारली. नदीवर आली, तिथे कपडे धुणाऱ्या बायांना उतार विचारला आणि गुडघाभर पाण्यातून पार झाली. चिंचोके कसेही पडोत, सोळा आण्यांपुढे हरतातच. माझा पैलवान मात्र त्याच नदीत बुडाला. पाणी किती खोल आहे, हे त्यानं कोणाला विचारलं नाही. माझ्या खोलीतला गोपीचंद अजून हसतो आहे.

बाबांचं पत्र दोनदा लिहिलं आणि फाडलं. एकाला शिकवतो आहे तेवढं पुरे नाही का, असं ते म्हणाले तर मी काय सांगू? आठ आणे धीर फक्त कागदावरच आहे, भागी. पण रविवारच्या आत लिहितोच.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

देवमन


आसेगाव, दि. २८ नोव्हेंबर १९७३

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

बाबांना तुझं पत्र आलंच नाही. आता तिसरं लिहून फाडू नकोस, कागद महाग आहे.

रविवारी ते एसटीनं आले. निंदण येतं का, स्वयंपाक येतो का, सगळं गुलाबरावांनी बाबांना विचारलं आणि बाबांनीच सांगितलं. शेवटी रीतीप्रमाणे ते म्हणाले, पोरीले काही पुसायचं असन त पुसू द्या. अशा वेळी पोरी मान खाली घालून उठतात. मी उठले नाही. माझी मार्चात परीक्षा आहे, तोवर लग्न थांबवाल का, असं विचारलं.

मायनं चहाच्या कपबशा खाली ठेवल्या. मग गोविंदाच बोलला. म्हणाला, तोही यंदा मॅट्रिकला बसतो आहे, तिसऱ्यांदा, गणितात राहतो, तेव्हा मार्चानंतरच त्यालाही बरं. त्याच्या बापानं कपाळाला हात लावला आणि मग ते हसले. लग्न मे महिन्यात ठरलं. तेव्हाच मी त्याच्याकडे नीट पाहिलं. कान मोठे आहेत, पण माणूस बरा वाटला.

पाहुणे गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर त्यांनी विचारलं, हे कुठं शिकली? मी खेळाचं सगळं सांगितलं. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, मलेही सोळा आणे दे. कसे वाटू म्हणून विचारलं, तर म्हणाले, जोराले एकही नको, जोर लय झाला. सारे गाण्याले लाव.

दादा, बाबांना साधं गुणगुणताना तरी तू कधी ऐकलंस? मी नाही ऐकलं. मी आत जाऊन रडले.

लोभ आहेच. बाबांच्या माणसाला डोंगराकडे पाठवू नकोस. त्याला बाजारात सोड, ऐकायला माणसं असतील तिथे.

तुझी,
भागिरथा