ज्ञानूचं इंजिन

२ जुलै १९४०, हिर्डोशी

भोरहून कंत्राटदार आनंदरावांच्या लॉरीने निघालो, शेवटचा टप्पा चिखलातून पायी. तरी मन प्रसन्न आहे. बांधलेला पगार, हाताखाली स्वतंत्र इंजिन आणि भोवती पोपटी भातखाचरं. एकदा बायकोला, कुंदाला, इथे आणलं पाहिजे. डोंगरापलीकडे पाणी न्यायला खणलेला उतरता बोगदा गेल्या आषाढात बुडाला, तो अजून तसाच आहे. त्याच्या तोंडाशी दगडी भिंत बांधून इंजिनाची खोली केली आहे. पुढे दार, मागे बोगदा. इंजिनावर डायनामो चालणार, डायनामोवर पंप, आणि मी पाणी उपसणार. राखणदार सोनबा अबोल आहे. स्वयंपाकाच्या ठकुबाईंनी गरम नाचणीची भाकरी वाढली.

३ जुलै

इंजिन सुरू होत नाही. टाकीत डिझेल आहे, फिल्टर धुतला. नळीत हवा अडकून डिझेल पुढे जात नव्हतं. नळीचा स्क्रू सैल करून फेसाळ डिझेल जाऊ दिलं, स्वच्छ धार लागल्यावर पान्याने आवळला. हँडल मारून खांदे भरून आले. दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

४ जुलै

स्क्रू पुन्हा सैल, खाली डिझेलचं थारोळं. सोनबावर चिडलो. तो म्हणाला, कुलपाची चावी तर तुमच्याच कंबरेला. मग त्याने सांगितलं ते असं: पूर्वीचा मिस्त्री ज्ञानू हा ठकुबाईंचा नवरा. गेल्या आषाढात हेच इंजिन बंद पडलं, पाणी चढू लागलं, तेव्हा तो खणणाऱ्यांना हाका मारत आत गेला. माणसं डोंगरातल्या एका फटीतून सुखरूप बाहेर आली. ज्ञानू आला नाही.

संध्याकाळी ठकुबाई दाराशी आल्या. "मिस्त्री, पानी तेवढं उपसा. हाडं गावली तरी अग्नी देता यील."

शब्द दिला.

६ जुलै

ओली पावलं. बोगद्याच्या पाण्यातून निघून इंजिनापाशी आलेली. परत गेलेली नाहीत. हँडल ओलं, त्यावर लाल गाळ. सोनबा म्हणतो, भोरला निघून जा. जायला हवं. पण त्या बाईला काय सांगू?

७ जुलै

दुपारी आत काम करत असताना दरड कोसळली. दार मातीखाली गेलं. धुराचा पाईपही चेपला आहे. बाहेरून ठकुबाईंचा आवाज येतो, अगदी बारीक. सोनबा गावातून माणसं आणायला गेलाय, असं काहीसं ओरडल्या. कंदील आहे. मागून पाणी चढतंय.

इंजिन लागलं तर पाणी हटेल, पण धूर इथेच कोंडेल. नाही लागलं तर पाणी, पण ते सावकाश चढतंय. म्हणून हात लावत नाही. वाट बघतो.

८ जुलै असावी

पाणी घोट्यापर्यंत. फावड्यांचे आवाज येतात, थांबतात.

मघाशी पाना खणखणला. मी भिंतीला टेकून होतो. स्क्रू आपोआप सैल झाला, फेस आला, मग स्वच्छ धार — आणि स्क्रू आवळला गेला. मी करतो तसाच. बिघाड कोणी करत नव्हतं. तो दुरुस्ती करतोय. अजून. खाली माणसं अडकलीत असंच त्याला वाटतंय.

नंतर

हँडल फिरतंय. धरून बघितलं — पकड माझ्याहून घट्ट, थंडगार —

ओरडून सांगितलं, ज्ञानू, सगळे वर आले रे, कुणी खाली नाही. ऐकत नाही. ठकुबाईंचं नाव घेतलं. हँडल थांबलं. क्षणभर. आणि पुन्हा —

लागलं. इंजिन लागलं. पंप ओढतोय. धूर —

डिझेलचा कॉक बंद केला, नळी उपटली. तरी चालूच. बाहेर ओरडतायत. आवाज ऐकून खूश झालेत ते, त्यांना वाटतंय मी —

डोळे धड उघडत नाहीत. पाणी उतरतंय खरं. उतारावर कुणीतरी उभं आहे, मला खूण करतंय, की खाली ये, आणखी माणसं —

कुंदा, मी जात नाही. मी इथेच — हात सोड, ज्ञा