ट्रंक मागे होती

१२ मार्च, रविवार

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. तू साठी ओलांडलीस तरी मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, तेव्हा आशीर्वादच मिळतील. तुझ्या मास्तरांना मात्र नमस्कार सांग. आधी त्यांचा हात कसा आहे ते विचार आणि मग सांग.

आम्ही बरे आहोत. यांच्या डोळ्यांत मधोमध धुरकट डाग आला आहे. कडेचं सगळं दिसतं, समोरचं दिसत नाही. "जन्मभर तुम्ही तेच केलंत, आता डोळे करतायत," असं मी म्हटलं तर दोन तास रुसून बसले. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केली. मग एका सकाळी यांनी किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि पेपर उघडला. पेपर त्यांना वाचता येत नाही, तरी उघडला.

पत्र कशासाठी ते पहिल्याच पानावर लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला उगीच पानं उलटावी लागत नाहीत, असं शाळेत सिस्टर सांगायच्या. तर ऐक. मला तुझ्याकडे यायचं आहे. आम्ही दोघं, आपली ती उंच, आखूड गाडी, आणि तिच्यामागे जोडलेलं चाकांवरचं एक छोटं फिरतं घर. सव्वीस तारखेला निघायचं, वाटेत दोन मुक्काम, अठ्ठावीसला तुमच्या फाटकाशी. चालवणार मी. आठवडाभर तुमच्या अंगणात राहू. पण तुम्ही दोघांनी हो म्हटलं तरच, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचून मग.

घर म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचं ते जुनं नव्हे. त्याचं काय झालं ते तुला सांगायला नको. हे त्याच्या निम्म्याने आहे. दोन जण झोपतात, तिसरा आला तर त्याला उभं राहावं लागेल. गाडी मात्र तीच. तू तिला ठेंगी म्हणायचीस ना, मीही आता तेच म्हणते. चढावर तिला "चल ग ठेंगे" म्हटलं की ती चालते.

चालवायला शिकले ती कोपऱ्यावरच्या गॅरेजवालीकडून. चाळिशीची बाई आहे, हात कायम काळे, आणि बोलणं असं की पहिल्या दिवशी मला परत फिरावंसं वाटलं.

"काकू, गाडी आखूड आहे," ती म्हणाली. "पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांच्या जवळ. मागचं ओझं हललं की तिला सहज फिरवतं. लांब गाडी ऐकत नाही, ही ऐकते."

"म्हणजे चांगलीच की," मी म्हटलं.

"चांगली कसली? मागच्याचं ऐकते. तुमचं ऐकायला नको का?"

मग तिने सगळं पाठ करून घेतलं. गाडी आणि घर यांच्या जोडाखालच्या साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घालायच्या. टायरांची हवा गार असताना बघायची. कडेचे आरसे लांब दांड्याचे लावायचे. मोठा ट्रक शेजारून गेला की वारा आधी आत ओढतो आणि मग बाहेर ढकलतो, तेव्हा चाक नुसतं धरून ठेवायचं. आणि घर डुलायला लागलंच तर ब्रेकवर पाय मारायचा नाही, चाक फिरवायचं नाही. पाय हळूच वर घ्यायचा आणि हाताशी घराच्या ब्रेकचं छोटं बटण बसवलं आहे ते दाबायचं, म्हणजे घर मागून आपोआप सरळ ओढलं जातं. मी हे वहीत समास सोडून लिहून काढलं. वही बघून ती म्हणाली, "काकू, परीक्षा रस्त्यावर आहे."

घराच्या नाकाचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, वजनही करावं लागतं. एकूण वजनाचा दहावा भाग किंवा त्याहून थोडं जास्त पुढे जोडावर यायला हवं. आमचा न्हाणीघरातला काटा अंगणात आणला आणि नाक त्यावर टेकवलं. ब्याऐंशी किलो. "माझ्यापेक्षा जास्त," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी खूश दिसले.

आता चिंगे, पुढचं लिहायला मी तीन दिवस घेतले. मधे दोनदा कपाट आवरलं.

नाकावर वजन कशाला, असं मी गॅरेजवालीला विचारलं होतं. तिने दोन चाकांची हातगाडी आणली, गॅसची भरलेली टाकी तिच्या पुढच्या टोकाला ठेवली आणि म्हणाली, "ओढा." मी ओढली, शहाण्या मुलीसारखी मागून आली. मग तिने टाकी मागच्या टोकाला सरकवली. "आता ओढा, जरा भरभर." दांडा माझ्या हातातून वर उचलायला लागला आणि गाडी डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागली. प्रत्येक झोकांडी आधीच्यापेक्षा मोठी. मी दांडा सोडून दिला.

"हे असं होतं," ती म्हणाली. "उतारावर, आखूड गाडीमागे, तर दहापट."

मी तिथेच टायरांच्या ढिगावर बसले. तिला वाटलं मला चक्कर आली.

मास्तरांनी त्या जुन्या घरात, खाली अंथरलेल्या नव्या लिनोलियमवर, चाकांच्या बरोबर वर खडूने एक आडवी रेघ मारली होती. आठवते? कार्यशाळेत मुलांना शिकवताना मारायचे तशी, पट्टी लावून. "जड सामान या रेघेच्या पुढे," असं आपल्या सर्वांना एकदा सांगितलं होतं. आपली बोर्डिंगची पत्र्याची ट्रंक, जिच्या झाकणावर आपली दोघींची नावं रंगवलेली होती, तिच्यात त्यांनी सगळी हत्यारं आणि डबे भरले होते, आणि ती पुढे ठेवली होती.

निघायच्या सकाळी तुम्ही तिघं बाहेर होतात. मी आत झाडत होते. ट्रंकेमुळे घडीचं टेबल उघडत नव्हतं, आणि मला मनापासून वाटत होतं की मुक्कामी चौघांनी समोरासमोर बसून चहा प्यावा. ट्रंक चादरीवर घेतली आणि ओढत थेट मागच्या पलंगाखाली नेली. पाण्याचे दोन कॅनही तिच्याशेजारी लावले. मग फरशी पुसली. खडूची रेघ दिसली. नव्या लिनोलियमवर ती कशी दिसते, असं वाटलं मला. सिस्टरांनी लावलेलं वळण, दुसरं काय. दोनदा फडकं फिरवलं, गेली.

उतारावर घर डुललं, गाडी चालवणाऱ्या मास्तरांनी ब्रेक मारला, घर खड्ड्यात आडवं पडलं, आणि पुढचं तुला माहीत आहे. त्यांचं कोपर कायमचं आखडलं. फळ्यावर वर्तुळ काढणारा माणूस वेळेआधी घरी बसला. आणि रस्त्याच्या कडेला, ते हात धरून बसलेले असताना, हे त्यांना म्हणाले, "दुसऱ्यांना शिकवता आणि स्वतः उतारावर असं हाकता?" मास्तर गप्प राहिले. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं.

मला काहीच ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील. पण ते खरं नाही. वजनाचं शास्त्र ठाऊक नव्हतं. रेघ पुसली आहे हे मात्र ठाऊक होतं. ट्रंक मागे होती हे त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं, आणि नऊ वर्षं तुला वाढदिवसाची कार्डं पाठवत राहिले.

यांना परवा सांगितलं. यांनी पेपर मिटून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी त्या माणसाला विनाकारण..." आणि थांबले. थोड्या वेळाने म्हणाले, "पत्रात माझंही एक वाक्य घाल."

"काय घालू?"

"तेच तर सुचत नाहीये."

आज जेवताना सुचलं. ते असं: मास्तर, तुम्ही त्या उतारावर ठीक चालवत होतात.

नाही म्हणालात तरी मी समजेन. तेवढं कळवा मात्र. कार्डावर नको, पत्रात.

तुझी, नेहमी नीटनेटकेपणाने वागलेली आणि एकदा सगळ्यांना भोवलेली,
ताई

•

२३ मार्च, गुरुवार

प्रिय चिंगे,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नाही, कारण मास्तर आता डाव्या हाताने लिहितात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सुरेख लिहितात. सिस्टरांनी दहापैकी आठ दिले असते.

यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरांचं पत्र मी दहा वेळा वाचलं आहे, तरी इथे उतरवून काढते, म्हणजे मला नीट कळलं आहे ना ते त्यांनी तपासावं. ते लिहितात: ट्रंक मागे होती हे मला त्याच दिवशी, घर खड्ड्यात आडवं पडलं होतं तेव्हाच दिसलं. पण निघण्याआधी एकदा आत जाऊन बघणं चालवणाऱ्याचं काम असतं, सामान लावणाऱ्याचं नाही. मी गेलो नाही, घाई केली. आणि डुललं तेव्हा ब्रेक मारायचा नसतो हे मुलांना शिकवणाऱ्या माणसाने ब्रेक मारला. म्हणून गप्प बसलो. तुमच्या बहिणीलाही बोललो नाही.

चिंगे, तू आणि मी एकाच ट्रंकेतले फ्रॉक घालून वाढलो, आणि आपल्या दोघींपेक्षा हा माणूस जास्त गप्प निघाला. आता त्यांना माझ्याकडून एवढंच सांग की निम्मं माझं आहे, ते त्यांनी मला परत द्यावं. सगळं एकट्याने ठेवून घेणं बरं नव्हे.

हे ऐकून आमचे हे उठले, कडेकडेने बघत ठेंगीपाशी गेले आणि तिचं बॉनेट पुसत बसले. ते चांगलं लक्षण असतं, तुला माहीत आहे.

मास्तरांच्या प्रश्नांची उत्तरं: ताशी सत्तरच्या वर नेणार नाही. उताराला त्याहून कमी, आणि गियर उताराच्या आधीच खाली घेईन. जड सगळं चाकांच्या किंचित पुढे, खाली, बांधून. निघण्याआधी मी स्वतः आत जाऊन बघेन, आणि पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून पुन्हा बघेन. वारा सुटला तर थांबेन, उशीर झाला तर होऊ दे.

राहिलं तुमचं फाटक. त्यांनी लिहिलंय की ते अरुंद आहे, घर उलटं आत घ्यावं लागेल, आणि आखूड गाडीमागचं घर उलटं जाताना चटकन मुडपतं. हे मला अजून जमत नाही, खोटं कशाला बोलू. पुढे जायला मी शिकले, मागे जायला नाही. गॅरेजवालीच्या मोकळ्या जागेत तीन डबे ठेवून सराव केला, तिन्ही आडवे केले.

पण पुढच्या ओळीत त्यांनी लिहिलंय की ते स्वतः मागे उभे राहतील, डाव्या हाताने खूण करतील, आणि ते आरशात दिसेनासे झाले की मी जागच्या जागी थांबायचं. ही ओळ मी अर्ध्यावर सोडली, तेव्हा यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, अक्षर लागत नाहीये."

त्यांना सांग, मी थांबेन. कितीही वेळा. घाई मुळीच नाही. अठ्ठावीसला दुपारी चारच्या सुमाराला फाटकाशी हॉर्न वाजवेन, एकदाच. तू बाहेर येऊन माझ्याकडे बघ. या वेळी मी खाली बघणार नाही. पण घर आत घेईपर्यंत आरशात बघावं लागेल, त्याचा राग मानू नकोस.

तुझी, आणि मास्तरांना चालणार असेल तर त्यांचीही,
ताई