वागळे सरांचा स्वल्पविराम

४ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा तेच! हेडफोनवर ऐकून रिपोर्ट टाईप करत होते, खांद्याच्या एक्स-रेचा. वागळे सर म्हणाले, "नो फ्रॅक्चर" — मग काहीतरी — मग "डिस्लोकेशन सीन". आता मधे काय? स्वल्पविराम असेल तर हाड मोडलंही नाही, निखळलंही नाही. पूर्णविराम असेल तर मोडलं नाही, पण खांदा निखळलाय! चार वेळा रेकॉर्डिंग मागे घेतलं, सात वेळा घेतलं. डोकं फिरायची वेळ आली.

गंमत म्हणजे आख्ख्या हॉस्पिटलात चिन्हं सांगणारे एकटे सरच. बाकीचे डॉक्टर जिथे श्वास घेतील तिथे आपण टिंब द्यायचं. सर रिपोर्ट इंग्रजीत सांगतात आणि चिन्हं मराठीत. मी नवीन लागले तेव्हा म्हणाले होते, "कोलन म्हटलं की तू आतडं लिहिशील, म्हणून मी अपूर्णविरामच म्हणणार!" इतक्या वर्षांत त्यांच्या फायलीत मला कधी अडायला झालं नाही. आता 'विराम' तेवढा येतो, त्याच्या आधीचं विरघळून जातं.

शेवटी जागा रिकामी सोडली, दोन प्रश्नचिन्हं टाकली आणि फाईल सरांकडे परत. नियमच आहे आमचा — अंदाजाने लिहायचं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

सर स्वतः खाली टायपिंग रूममध्ये आले. "नूपुर, हल्ली फार प्रश्न पाठवतेस गं. म्हाताऱ्याची परीक्षा घेतेस काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, सर, आवाज जरा बसल्यासारखा येतोय. तर तोंड उघडून दाखवलं — जुलैत कवळी बसवलीय. "ही बया चावते खरी. डेंटिस्टला घासून द्यायला सांगतो."

हुश्श! कवळी! मला कशी सुचली नाही?

पण समोर उभे राहून बोलले ते सगळं स्वच्छ कळलं. कवळी माईकसमोरच चावते की काय?

८ ऑगस्ट, शुक्रवार

हेडफोन बदलून घेतला. आयटीवाला कटकट करत होता, "मॅडम, जुना एकदम ओके आहे." असेल. नव्यावरही तेच. आवाज वाढवला की मोठा होतो, स्पष्ट काही होत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

मयूर बाजूच्या टेबलावरून उठून आला. दुसऱ्या कुठल्या तरी डॉक्टरांचे दोन तुकडे त्याला लागत नव्हते. ही इथली पद्धतच — कुणाला कळलं नाही की "नूपुरताईकडे टाक". मी ऐकायचं, मी सांगायचं, की विषय संपला.

मला दोन्ही लागले नाहीत.

"मग डॉक्टर बोललेच नसणार!" म्हणाला आणि बिनधास्त प्रश्नचिन्हं टाकून मोकळा झाला. बरं वाटलं ऐकून. खोटं कशाला लिहू, चांगलंच वाटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

डाळ करपली. मी ओट्यापाशीच उभी, कोथिंबीर निवडत होते. आई बाहेरच्या खोलीतून ओरडत आली, "शिट्ट्यो वर शिट्ट्यो होतत, तुका आयकाक येना नाय काय गो? तेल घाल कानात!"

माझ्या डोक्यात सरांची फाईल चालू होती. घरात असले तरी मी घरात नसते, हे तिला कोण सांगणार? आणि कान काढते माझे! ज्या कानांवर घर चालतंय ते!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. खाली गल्लीत मंडपाचे बांबू ठोकतायत. दिवसभर कानात बारीक सूं... त्या ठोकाठोकीनेच.

१८ ऑगस्ट, सोमवार

कवळी घासून आणली सरांनी. फरक शून्य.

आज बरगडी. फिफ्थ की सिक्स्थ? एवढा साधा शब्द! पुन्हा प्रश्न. त्याच रिपोर्टात अजून एक. त्याच्या पुढच्यात अजून एक. मयूर स्क्रीनकडे बघून हसला, "सरांनी कोडं पाठवलंय काय ताई, शब्दकोडं?" त्याला असा झापला की गप्प बसला. पण काय चुकीचं बोलला?

खरं लिहू? मला भीती वाटतेय. "स्लर्ड स्पीच" हे दोन शब्द मी उभ्या जन्मात कितीदा टाईप केले असतील. बोलणं जड होणं, शब्द घसरणं — आणि मग त्याखाली मेंदूत काय काय सापडतं ते. सगळे परके लोक होते तेव्हा. नाव, वय, पुढचा पेशंट.

सांगू का कुणाला? कुणाला सांगू? सरांनाच सांगू? "सर, तुमचं तोंड वाकडं होतंय का ते आरशात बघा" असं? आणि नाही सांगितलं तर? समजत नाही. काहीच समजत नाही!

२० ऑगस्ट, बुधवार

आज जेवणाच्या सुट्टीत सर दिसले कँटीनमध्ये. मी मुद्दाम त्यांच्या समोर बसले. डावा गाल बघितला, उजवा बघितला. दोन्ही सारखे. पोहे खाल्ले, चहा प्याले, कप हलला नाही. गिरगावात लहानपणी चाळीच्या गच्चीवरून पतंग कसा कापायचे ते सांगत बसले. एकूण एक शब्द कळला.

"काय गं, माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस? मिशीला पोहा लागलाय?"

मी हसले. खाली येऊन त्यांचीच फाईल लावली आणि पुन्हा तोच गोळा. म्हणजे सकाळी बिघडतं आणि दुपारी बरं होतं? असं असतं का?

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज पुन्हा खांदा. पुन्हा "नो फ्रॅक्चर", काहीतरी "विराम", "डिस्लोकेशन सीन".

प्रश्न पाठवला नाही.

वर सगळे हसायला लागलेत ना त्यांना! प्रत्येक फाईल परत जाते, सगळ्यांना दिसते. विचार केला, शंभरातल्या नव्वद खांद्यांत काहीच नसतं, स्वल्पविरामच असणार. दिला ठोकून. सरांनी वाचून सही पण केली. माझं लिखाण ते डोळ्यांखालून घालतात नुसतं, तपासत नाहीत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पूर्णविराम होता.

माझगावच्या गोदीतला माणूस, गंगाधर नाव. सगळं ठीक म्हणून काल गोळी देऊन घरी पाठवला. आज सकाळी हात छातीशी धरून परत आला, रात्रभर कण्हत होता म्हणे. हाडांच्या डॉक्टरांनी स्वतः फिल्म बघितली आणि खालपर्यंत ऐकू येईल असे ओरडले. खांदा बसवला. नशीब! पण त्या माणसाची रात्र गेली ती गेलीच.

हितेंद्र सरांनी — आमच्या विभागाचे साहेब — केबिनमध्ये बोलावलं. मी सरळ सांगितलं, अंदाज मी केला, चूक माझी. तर म्हणाले, "तुला अंदाज करायची वेळ का आली, ते सांग. तू कधी करत नाहीस."

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला.

"नूपुर, मी काही ऐकत बसणार नाही फायली. मला त्यातलं कळत नाही. तुझा कान काय म्हणतो? वागळे सरांचं बोलणं बिघडलंय की नाही?"

बोलले मी. "हो सर. बरेच दिवस." वर हेही बोलले की त्यांना तपासायला सांगा, मला काळजी वाटते. ते शेवटचं त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. फोन उचलला होता त्यांनी.

चुगली केली का मी? की बरोबर केलं? गंगाधरचा हात आठवला की वाटतं बरोबर. सरांची मिशी आठवली की रडू येतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सरांच्या फायली बंद. वरून निरोप — तपासण्या होईपर्यंत आराम. आज त्यांचा मेंदूचा एमआरआय आहे. आपल्याच मशीनवर.

मयूर म्हणाला, "ताई, तुम्ही वेळेवर ओळखलंत हां. मानलं!" मी डबा तसाच बंद केला.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. आमचा दीड दिवसाचा. बाप्पासमोर एवढंच म्हटलं, सरांच्या डोक्यात काही निघू देऊ नको.

आरतीत आई डोळे वटारत होती. टाळ मागे पडत होता म्हणे माझा. पडेल नाहीतर काय, लक्ष कुठे होतं?

१ सप्टेंबर, सोमवार

सर आले! टायपिंग रूममध्ये, माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले.

एमआरआय स्वच्छ. सगळं वयोमानानुसार. मी टुणकन उठलेच. "म्हणजे सर, उद्यापासून —"

"नाही गं." हात हलवला त्यांनी. "हितेंद्रला पत्र देऊन आलो आत्ता. बस झालं."

"पण सर, एमआरआय तर —"

"मशीनला माझं बोलणं कुठे ऐकू येतं? तुला येतं. तुला कळत नाही म्हणजे मी नीट बोलत नाही, हे सरळ आहे. घरी ही म्हणते, छान बोलता. मुलगा म्हणतो, काही झालेलं नाही. घरचे आहेत, ते असंच म्हणणार. तू माझं तोंड न बघता माझा आवाज ऐकतेस, नूपुर. मशीनपेक्षा तुझ्या कानावर माझा जास्त विश्वास आहे." मग म्हणाले, "त्या माणसाचा हात गेला असता."

मी म्हटलं, स्वल्पविराम मी दिला होता सर. तर म्हणाले, "मी धड बोललो असतो तर दिला असतास का?"

 

४ सप्टेंबर, गुरुवार

निरोप समारंभ. सामोसे, शाल, नारळ. सर पाचेक मिनिटं बोलले. मी मागे दाराशी उभी होते, पुढे जायची हिंमत होईना. मधेच सगळे खो खो हसले. मला काही कळलं नाही काय बोलले ते.

बघा! समोरासमोरसुद्धा आता! म्हणजे मी म्हणत होते ते खरंच.

पण मग बाकीचे हसले कशाला? त्यांना कसं कळलं?

सामोसा हातात तसाच राहिला.

८ सप्टेंबर, सोमवार

सरांच्या जागी नवीन डॉक्टर रुजू झाल्या, पूर्वी नाव त्यांचं. तिशीच्या आतली पोरगी. मला भेटून गेल्या. "नूपुरताई, माझं फास्ट वाटलं तर सांगा हां! सगळे म्हणाले, तुमच्यासारखा कान नाही." उद्या पहिल्या फायली.

रात्री जेवताना आई काहीतरी म्हणाली, मी ताटात बघत होते. पुन्हा विचारलं तर चिडली. तिसऱ्यांदा वर बघितलं आणि कळलं — मीठ मागत होती.

९ सप्टेंबर, मंगळवार

पूर्वी मॅडमची पहिली फाईल. आवाज तरणाताठा, कवळी नाही, काही नाही. बरगडीचं फ्रॅक्चर. फिफ्थ की सिक्स्थ?

नाही लागलं.

 मयूरला हेडफोन दिला. त्याने एकदाच ऐकलं. "सिक्स्थ. का ताई? चांगलं खणखणीत आहे की."

मग सरांची जुनी फाईल काढली. गंगाधरची. लावून त्याला दिली, काही न सांगता.

"नो फ्रॅक्चर, पूर्णविराम, डिस्लोकेशन सीन," मयूर म्हणाला. "किती स्पष्ट बोलायचे ना सर!"

सुट्टी टाकली. आत्ता बसस्टॉपवर बसून लिहितेय. माहीमला सरांच्या घरी जाते. फोनवर नको. समोर बसून सांगेन, आणि ते काय म्हणतात ते त्यांच्या ओठांवर बघेन.