मालकाच्या घरी म्हैस

बाबा, तुमच्या प्रवचनांच्या वह्या मी गेल्या आठवड्यात उघडल्या. इतकी वर्षं त्या इथे अमरावतीला माझ्या माळ्यावर पडून होत्या, आणि खाली बसून मी वर्तमानपत्रात जगाची टर उडवत पोट भरत होते. नरकावर तर तीनदा लिहिलं. वाचक म्हणतात, बाई, अनुभवाचं वाटतं. त्यांना काय माहीत, माझं लहानपण अचलपूरला चर्चच्या पाळकाच्या घरी गेलंय.

कापणीच्या सणाचा तो रविवार. वेदीसमोर गव्हाच्या पेंढ्या, भोपळे, कुणीतरी वाहिलेली जिवंत कोंबडी. शेवटच्या बाकावर मळेवाली मावशी बसली आहे. ती आपल्यातली नव्हे, हिंदू. पण मळ्यातली पहिली वांगी दरवर्षी आधी तिच्या देवाला आणि लगेच तुमच्या देवाला. तुम्ही गहू आणि निंदणाचा, म्हणजे तणाचा, येशूचा दाखला सांगताय: शेवटच्या दिवशी मालक निंदण वेगळं काढील, भारे बांधील आणि कधीच न विझणाऱ्या आगीत टाकील. आवाज असा, की कोंबडीसुद्धा गप्प. बाहेर आल्यावर मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

"पादरीबाबा, एक इचारू काय? तुमचा मालक निंदन जाळते काहून? आमी तं म्हशीले टाकतो. तिचंच दूध तुमच्या चहात रायते जी. त्याच्या घरी म्हैस नाई काय?"

सगळे हसले, तुम्ही सोडून. सगळ्यांत मोठ्यानं मी. पण घरी येईपर्यंत हसू जिरलं. गहू म्हणजे आपण, तर मग निंदण कोण? जेवताना विचारलंच, "बाबा, मावशीले आगीत टाकतीन काय?"

"मुकाट्यानं जेव. न्याय करणं आपलं काम नाही."

"मंग सकाळी तुमी काय करून रायले होते?"

तुमचा हात उठला, आईनं मधे भाकरीची टोपली सरकवली. पण तुम्ही 'नाही' म्हणाला नाहीत. तेवढंच मी धरून बसले आणि दहा वर्षांच्या वयात निकाल देऊन टाकला: मावशी आगीत गेली तर बाबाही जातील, आणि मी पाणी नेऊन देणार नाही.

दोनेक वर्षांनी मावशी गेली. चिता शांत होईपर्यंत तुम्ही साध्या सदऱ्यात उभे होतात, असं आई म्हणाली. मी म्हटलं, आग कशी असते ते बघायला गेले असतील. जीभ तेव्हापासूनची.

वह्यांत कापणीच्या सणाला तोवर दरवर्षी तोच दाखला आहे. मावशी गेली त्या वर्षीच्या पानावर मात्र त्यावर आडवी रेघ, आणि खाली पेन्सिलीनं, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात: 'प्रभूला म्हशीचं विचारणे.' पुढे एकाही वर्षी निंदण नाही, आग नाही. मी पहिल्या बाकावर बसायचे, बाबा, आणि मला पत्ता नाही. ऐकायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

एव्हाना तुम्ही वर प्रभूला विचारलं असेल. मावशीही शेजारी उभी राहून, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारत असेल. मला मोठी मजा वाटते.

हे पत्र त्याच पानात ठेवून वही माळ्यावर टाकणार आहे. तुमची ती आगीची शिक्षा मागे घेतली, असं लिहायला बसले होते. पण ती मी तुम्ही गेलात त्याच दिवशी मागे घेतली होती. कुणाला कळू नये म्हणून नरकावर तीनदा लिहिलं.