सूनबाई इलेक्शनला उभी

१९ सप्टेंबर १९७८

सूनबाई आज फॅक्टरीतून आली ती सरळ बाथरूममध्ये. नळ सोडून रडत बसली. नळ सोडला म्हणजे मला कळणार नाही! सासू आहे मी, बहिरी नाही.

चहा दिला तेव्हा बोलली. पोरांची बालवाडी, इथे इस्रायलात तिला गान म्हणतात, ती एकला सुटते, आणि फॅक्टरीतल्या या बायांची शिफ्ट तीनला. तिच्या शेजारच्या मशीनवरच्या तिकवाने पोराला घरात कोंडून ठेवलं होतं, त्याने हात भाजून घेतला. म्हणून या सगळ्या बाया मोअत्सात गेल्या, आपल्या गावच्या कौन्सिलात. दोन तास बाहेर बाकावर! आत सगळे बापे. "आई, त्यांच्यातल्या एकालाही गान किती वाजता सुटतं ते ठाऊक नव्हतं."

मी म्हटलं, मग तू जाऊन बस त्यांच्यात. नोव्हेंबरात इलेक्शन आहेच. हसली. नाक पुसत का होईना, हसली.

२० सप्टेंबर

मी थट्टा करत नव्हते. आज परत सांगितलं.

२४ सप्टेंबर

नाहीच म्हणते. हिब्रू बोलताना अडखळते, पोरीचं कोण बघणार, नवऱ्याला काय वाटेल — आणि सगळ्यांत शेवटी, हळूच, "आई, तुम्हाला चालेल?" म्हणजे इतके दिवस घाबरत होती ती मला! माझी सासू रेवदंड्याला मला दारातसुद्धा उभं राहू द्यायची नाही. तसलीच वाटले की काय मी हिला? फार वाईट वाटलं. म्हटलं, जूडिथ, घर मी बघते, अविवाला गानातून मी आणते, तू जा. परत रडली. किती रडते ही पोर!

रात्री माझा लेक हाइम कुरकुरला. "आई, तू तिच्या डोक्यात काय भरवतेस?" म्हटलं, तुझ्या डोक्यात जागा असती तर तुलाच उभा केला असता. गुपचूप जेवला.

२८ सप्टेंबर

इलेक्शनसाठी बायांची यादी दिली! इथे मत माणसाला नाही, यादीला. पहिलं नाव जूडिथचं, दुसरं तिकवाचं. एक जागा मिळाली तरी जूडिथ आत.

१२ ऑक्टोबर

सिनेगॉगबाहेर मोअत्सातले जोसेफभाऊ म्हणतात, "बाईमाणूस तिथे बसून काय करणार?" मी म्हटलं, तुम्ही पाच वर्षं बसलात, तुम्ही काय केलंत ते आधी सांगा! गेले तरातरा. मागून हाइम हसत होता. माझाच आहे शेवटी.

५ नोव्हेंबर

जूडिथ उभी राहावी म्हणून एलियाहू हन्नाबीला नवस बोलले होते, आज मलिदा केला. पोहे भिजवले, खोबरं खवलं, वेलची जरा जास्तच पडली. माझ्या सहा मैत्रिणी आल्या, सगळ्या कोकणातल्या, सगळ्या माझ्यासारख्याच म्हाताऱ्या. जूडिथने आम्हाला आपलं भाषण मराठीत म्हणून दाखवलं. एकदाही अडखळली नाही. अविवा आपली आईला हिब्रूतून ओरडतेय, "ईमा, अजून एकदा!"

७ नोव्हेंबर

मत दिलं. इथे चिठ्ठीवर नुसती यादीची हिब्रू अक्षरं, माणसाचं नावच नाही! मला ठाऊक होतं. म्हणून मलिद्याच्या दिवशी जूडिथ आत गेली तेव्हा सगळ्यांना सांगून ठेवलं — नवस ज्याच्यासाठी, त्याचं नाव घेतोच ना आपण? तसं चिठ्ठीवर खाली मराठीत लिहायचं, जूडिथ. मी अगदी ठळक लिहिलं. बाकी सहाजणींनीही लिहिलं. बाहेर येऊन एकमेकींकडे बघून अशा हसलो की बस्स.

८ नोव्हेंबर

जूडिथची जागा तीन मतांनी गेली.

हाइमने सांगितलं. सात चिठ्ठ्या बाद झाल्या म्हणे. त्यांच्यावर हाताने काहीतरी लिहिलेलं होतं. चिठ्ठीवर असं काही लिहायचं नसतं.

सात. डोकं दुखतंय सांगून पडून राहिले. कुठल्या तोंडाने सांगू तिला?

९ नोव्हेंबर

सांगून टाकलं. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "मला माहीत आहे, आई." मोजणीच्या टेबलावर कुणालाच ते वाचता येईना, म्हणून हिलाच बोलावलं होतं! काय लिहिलंय विचारलं. हिने सांगितलं, "माझं नाव." मग सातही बाजूला ठेवल्या.

मी म्हटलं, मार मला त्या लाटण्याने. तर पिठाच्या हातांनी माझा चेहरा धरला. "आई, इथे सगळ्यांना मी हाइमची बायको, नाहीतर अविवाची ईमा. त्या टेबलावर सात वेळा नुसतं जूडिथ लिहिलेलं होतं. मला रडूच आलं." आणि आत्ता खरं रडलं कोण, तर मी. चपाती करपली.

१२ नोव्हेंबर

जूडिथने पुढच्या इलेक्शनची यादी आजच लिहायला घेतली. पहिली ती, दुसरी तिकवा. तिसरं नाव माझं — मला न विचारता! पाच वर्षांनी मी एकोणसत्तर वर्षांची असेन.

खोडायला पेन्सिल हातात घेतली होती. नाही खोडलं.