मुठीला कोटा नाही

१५ डिसेंबर २०२४

संपतराव पाण्याची मोटर वाइंडिंगला घेऊन आले. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त, बोलणं अजून कवायतीचं. सहज म्हणालो, आमच्या आम्रपालीला बॉक्सिंगचं राष्ट्रीय पदक आहे, एनडीएत खेळाडू कोट्यातून जाईल. हसले! "अहो, कोटा जवानांच्या भरतीला असतो. मुठीवर पोरगी हवालदार होईल. ऑफिसरला आधी गणित लागतं!"

पटलं नाही. मी ऐकीव गोष्टींवर चालत नाही. वाइंडिंग काय, बॉक्सिंग काय — बघून, चुकून, स्वतः शिकलो. आमूला गच्चीवर मीच तयार केलं.

१६ डिसेंबर

जाहिरात वाचली, तळटीपांसकट. कोटा नाही.

१८ डिसेंबर

अर्ज भरला. आमूची आई सत्यशीला म्हणाली, "आता गच्ची बंद करा, पोरीला अभ्यास करू द्या." म्हटलं, दोन्ही होईल. आमूलाही विचारलं. "होईल, पप्पा." कधी कुरकुर नाही — खेळाडूची खूण!

१३ एप्रिल २०२५

पेपर झाला. गणित सोपं गेलं म्हणते. डावा ठोसा मात्र अजून उशिरा सुटतो. संध्याकाळी घोटून घेतला.

२५ मे

लेखी पास! आणि आजच मैदानावर सैन्याच्या क्रीडा निवडीचे सुभेदार भेटले. आमूला थेट हवालदार म्हणून घ्यायला तयार. एनडीएचं सांगितलं तर म्हणाले, "हातातलं सोडताय, साहेब. तिकडे मुलाखतीत शंभरातले नव्वद परत येतात."

घरी आल्यावर आमूला म्हटलं, तू ठरव. इकडे नोकरी पक्की, रोज बॉक्सिंग. तिकडे काहीच पक्कं नाही.

"अकादमी," म्हणाली. वाक्य संपायच्या आत! हिंमत माझी घेतलीय.

२० जुलै

भोपाळहून आली. मुलाखतीत निवडली गेली! पाच दिवसांत पदकाबद्दल एकच प्रश्न — हरलीस तेव्हा काय केलंस?

"मग?"

"झोपले म्हटलं. हसले ते."

अरे देवा! लढतीचा व्हिडिओ बघितला, चुका टिपल्या, असं सांगायचं असतं. नीट समजावून सांगितलं. सत्यशीला स्वयंपाकघरातून — "निवड झाली ना हो तिची? मग आता कोणाला शिकवताय?"

१० ऑक्टोबर

अंतिम यादीत नाव!! संपतराव पेढा खाता खाता म्हणाले, "म्हणजे सॅल्यूट मीच ठोकायचा आता." पदकामुळे नव्हे, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. तरी माझं मत — कणखरपणा गच्चीवरचाच.

१८ जानेवारी २०२६

आमूचा फोन. तिकडे अकादमीत खेळ निवडायचा होता. पदक बघून बॉक्सिंगला नाव घालत होते, हिने घोडेस्वारी घेतली. इतकी भरभरून बोलताना मी तिला ऐकलेलं नाही.

म्हटलं, "आणि बॉक्सिंग?"

"ते इथे येण्यापुरतंच होतं ना, पप्पा?"